जहाजात बिघाड झाला आणि गोवा गळलं, तर काय करायचं? पहिल्यांदा क्रूझला निघालेल्यांसाठी

कोकणातल्या माणसाला बोटीचं अप्रूप नाही. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईचं जाणं-येणं बोटीनेच व्हायचं. मालवण-वेंगुर्ल्याला बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या ये-जा करायच्या. बोट उशिरा आली तर लोक धक्क्यावर बसून राहायचे, कारण पोचणं एवढीच अपेक्षा होती. क्रूझचं तसं नाही. तिथे आपण बंदरांची यादी बघून पैसे भरतो: पहिला दिवस मुंबई, दुसरा गोवा, तिसरा समुद्रात, चौथा कोची किंवा लक्षद्वीप. मग मधलं एखादं बंदर गळलं की फसवल्यासारखं वाटतं.

वाईट बातमी आधी. तिकिटाच्या अटींत जवळजवळ प्रत्येक कंपनीने लिहून ठेवलेलं असतं की मार्ग, वेळा आणि बंदरं बदलण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. तरीही सगळंच कंपनीच्या मर्जीवर नसतं. कुठे वाद घालायचा आणि कुठे आपली शक्ती वाचवायची हे कळलं, तर सुट्टीही वाचते आणि बरेचदा पैसेही. पुढचं सगळं त्यासाठीच.

बुकिंगच्या आधी

जहाज कोणत्या वर्षी बांधलं ते बघा. कंपनीच्या पानावर नसलं तरी जहाजाचं नाव टाकून शोधलं की मिळतं. जुनं जहाज म्हणजे वाईट जहाज असं मुळीच नाही, नीट राखलेली जुनी जहाजं उत्तम चालतात. पण एक फरक माहीत असावा. १ जुलै २०१० किंवा त्यानंतर ज्यांचा कणा घातला गेला, म्हणजे बांधणी सुरू झाली, अशा मोठ्या प्रवासी जहाजांना नियमच आहे की आग लागून किंवा पाणी शिरून एक भाग निकामी झाला, तरी ठरावीक मर्यादेत स्वतःच्या बळावर बंदरात परतता आलं पाहिजे. त्यासाठी यंत्रणा दुहेरी आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात. त्याआधीच्या जहाजांना हे बंधन नाही.

दुसरं, जहाजांचा ठावठिकाणा दाखवणारी संकेतस्थळं आणि ॲप आहेत. बुकिंगआधीचे दोन-तीन आठवडे ते जहाज कुठे गेलं, किती वाजता पोचलं, वेग किती होता, यावर नजर ठेवा. वेळापत्रकात गोवा सकाळी सातला आहे आणि जहाज दर फेरीला दुपारी पोचतंय, तर तुम्हाला कळायचं ते कळलं. दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत (जिथे जहाज पाण्याबाहेर ठेवून काम करतात) जाऊन आलेल्या जहाजाची पहिलीच फेरी मी तरी टाळतो. नवीन बसवलेल्या वस्तू पहिल्या आठवड्यात खोड्या काढतात.

तिसरं खास आपल्याकडच्यांसाठी. सिंधुदुर्गातले पुष्कळ लोक मुंबईहून गोव्यापर्यंतचं एकेरी तिकीट काढतात आणि मुरगावला उतरून सावंतवाडी-कुडाळला घरी जातात. कल्पना झकास आहे, पण गोवा गळलं की तुम्ही सामानासकट पुन्हा मुंबईत. एकेरी तिकीट काढताना कंपनीला मेलवर विचारून ठेवा: गोव्याला जहाज लागलं नाही तर आम्हाला घरी पोचवायचा खर्च कोणाचा? फोनवर मिळालेल्या गोड उत्तराला काडीची किंमत नाही.

आणि चौथं. परत येण्याच्या दिवशीच पुढची रेल्वे किंवा विमान धरू नका. सकाळी आठला मुंबईत उतरणार म्हणून दुपारच्या गाडीने चिपळूण गाठू, संध्याकाळी शिमग्याच्या पालखीला हजर, हा बेत कागदावर छान दिसतो. मध्ये एक रात्र मोकळी ठेवा.

बिघाड झाला तर बंदर का गळतं, हे समजून घ्या

नवख्याला वाटतं, इंजिन बिघडलं म्हणजे जहाज बंद पडलं. तसं क्वचित होतं. आजच्या बहुतेक क्रूझ जहाजांत अनेक डिझेल जनित्रं वीज तयार करतात आणि त्या विजेवर जहाज ढकलणारे पाण्याखालचे पंखे फिरवणाऱ्या मोटारी चालतात. काही जहाजांत ती मोटार पंख्यासकट तळाखाली टांगलेल्या, गोल फिरणाऱ्या डब्यात असते. तिची बेअरिंग गेली तर पाण्यात फारसं काही करता येत नाही, जहाज सुक्या गोदीत चढवावं लागतं. गोदीची तारीख आज मागून उद्या मिळत नाही, म्हणून अशा जहाजाच्या पुढच्या कित्येक फेऱ्या कमी वेगानेच होतात.

एक गंमत लक्षात ठेवा. पंख्यांना मिळणारी ताकद निम्मी झाली म्हणून वेग निम्मा होत नाही. वेग वाढवायला लागणारी ताकद फार झपाट्याने चढत जाते, त्यामुळे निम्म्या ताकदीवरही जहाज मूळ वेगाच्या पाऊण-ऐंशी टक्के चालतं. म्हणजे १८ नॉटचं (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जहाज १४ वर येतं. ऐकायला काहीच नाही. आता गणित करा.

मुंबई ते मुरगाव समुद्रातून सुमारे २३० सागरी मैल. १८ नॉटने तेरा तास, १४ नॉटने साधारण साडेसोळा. संध्याकाळी पाचला निघालेलं जहाज सकाळी सहाऐवजी साडेनऊला पोचेल. गोवा राहतं, फक्त किनाऱ्यावरचा वेळ कापला जातो. मुंबई ते कोची मात्र सुमारे ५८० मैल. १८ नॉटने बत्तीस तास, १४ नॉटने एक्केचाळीस. जाताना नऊ तास गेले, येताना नऊ गेले, आणि मुंबईला परतायची वेळ तर बदलता येत नाही, कारण त्याच संध्याकाळी पुढच्या फेरीचे प्रवासी चढायचे असतात. मग कोची जाते. म्हणून लांबचं बंदर आधी गळतं, जवळचं शेवटी.

लक्षद्वीपचं वेगळं. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर उभं राहतं आणि लहान बोटींतून माणसं बेटावर नेतात. पूर्वीच्या पडावांचाच हा नवा अवतार. त्यामुळे त्या बोटी खाली सोडण्याच्या यंत्रणेत बिघाड असला किंवा लाटा उंच असल्या, तर मुख्य इंजिन ठणठणीत असूनही बेट गळतं. धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणारे छोटे पंखे असतात. ते बंद पडले की टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, मागवावे लागतात, आणि वारा जोरात असला तर कप्तान बंदरात शिरायलाच नकार देतो. तो नकार बरोबरच असतो. त्यावर भांडू नये.

घोषणा झाली की पहिला तास

घोषणा ठरलेल्या साच्यातली असते. "तांत्रिक कारणास्तव आपल्या मार्गात बदल करण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व." एवढं ऐकून अख्खं जहाज स्वागतकक्षाकडे धावतं. तुम्ही धावू नका. पहिल्या तासात काउंटरवरच्या मुलांनाही तुमच्याइतकंच माहीत असतं.

त्याऐवजी खोलीतला टीव्ही लावा. जवळपास प्रत्येक जहाजावर एका वाहिनीवर नकाशा, दिशा आणि वेग दाखवतात. त्याचा मोबाईलवर फोटो घ्या, दर दोन-तीन तासांनी एक. वर वेळ येते, शेजारी वेग. पुढे तक्रार करायची वेळ आलीच तर याच्याइतका स्वस्त आणि पक्का पुरावा दुसरा नाही.

मागच्या डेकवर जाऊन फेसही बघा. एका सफरीत आमच्या टेबलावर दाभोळकडचे एक काका होते, हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेले. गोवा रद्द झाल्याची घोषणा सकाळी नाश्त्याच्या वेळी झाली. काका चहाचा कप हातात घेऊन मागे गेले, कठड्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, उजव्या अंगाचा पंखा गप आहे. फेस बघ, एकाच बाजूने उकळतोय." खरंच, डावीकडे पांढरा खळखळाट आणि उजवीकडे जवळजवळ गुळगुळीत हिरवं पाणी. मग त्यांनी बोटांवर हिशेब करून सांगितलं की उद्या मुंबईला दुपारच्या आधी काही पोचत नाही. आम्ही तिथल्या तिथे पुढची तिकिटं बदलायच्या मागे लागलो. कंपनीची अधिकृत वेळ रात्री जाहीर झाली.

तर पहिल्या तासात हेच करा: घरी कळवा आणि पुढची तिकिटं बघा. रेल्वेचं तिकीट गाडी सुटायच्या जितकं जवळ रद्द कराल तितकी कपात जास्त. फोनची रेंज मात्र सांभाळून. जहाज किनाऱ्यापासून बरंच बाहेरून जातं, तिथे आपलं नेटवर्क नसतं आणि फोन गुपचूप जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो. त्याचं बिल पाहून डोळे पांढरे होतात. विमान मोड लावा आणि जहाजाचं वायफाय विकत घ्या. बिघाडाच्या दिवशी काही कंपन्या ते सगळ्यांना मोफत उघडून देतात. देत नसतील तर मागा, ही मागणी सहसा नाकारली जात नाही.

काय विचारायचं आणि कसं

गर्दी ओसरल्यावर काउंटरवर जा आणि शांतपणे या गोष्टी लेखी मागा. बदलाचं कारण काय, हवामान की यंत्रातला बिघाड? बिघाड कधी लक्षात आला? गळलेल्या बंदराचं बंदर शुल्क परत कसं आणि कधी मिळणार? जहाजामार्फत घेतलेल्या किनारा-सहलीचे पैसे कोणत्या खात्यावर जमा होणार?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. भर समुद्रात अचानक काही तुटलं तर कंपनीला फार दोष देता येत नाही. पण जहाज मुंबई सोडण्याआधीच पंखा अधू होता, गोवा किंवा कोची होणार नाही हे ठाऊक होतं, आणि तरी तुम्हाला न सांगता चढवलं, तर चित्र पालटतं. म्हणून कारण आणि वेळ कागदावर हवी. कागद देत नसतील तर तिथेच उभं राहून मेल टाका. असा चालेल:

"आम्ही खोली क्रमांक अमुकचे प्रवासी. आज सकाळी तांत्रिक कारणाने गोवा बंदर रद्द झाल्याचं जाहीर झालं. बिघाडाचं स्वरूप, तो प्रथम लक्षात आल्याची तारीख व वेळ, आणि आम्हाला देय असलेल्या परताव्याचा तपशील कृपया लेखी कळवावा."

बस. त्यात राग नको, "आम्ही तुम्हाला कोर्टात खेचू" नको. उत्तर आलं नाही तरी मेल पाठवल्याची वेळ तुमच्या हाती राहते.

काउंटरवरच्या मुलामुलींवर मात्र आवाज चढवू नये. आपल्याकडचीच असतात ती बरीचशी, रत्नागिरी-मालवणची, गोव्याची. पंखा त्यांनी मोडलेला नाही, आणि परताव्याचा निर्णय त्यांच्या हातातही नाही.

हातात काय पडतं

गळलेल्या बंदराचं शुल्क आणि त्या बंदराचे कर बहुतेक कंपन्या परत करतात. रक्कम छोटी असते, त्यामुळे फार आशा ठेवू नका. जहाजामार्फत घेतलेली सहल रद्द झाली की तिचे पूर्ण पैसे परत येतात. तुम्ही बाहेरून स्वतः ठरवलेली गाडी, स्कूबा, हॉटेल याचा भार मात्र तुमच्यावरच. म्हणून नवख्यांनी लांबच्या बंदरावरची सहल जहाजामार्फतच घ्यावी, थोडी महाग पडली तरी. गोव्यात मात्र बाहेरची टॅक्सी ठरवायला हरकत नाही. आगाऊ रक्कम कमीत कमी द्या म्हणजे झालं.

याशिवाय कंपनी सद्भावना म्हणून जहाजावर खर्च करायची काही रक्कम देते किंवा पुढच्या सफरीचं व्हाउचर. जहाजावरची रक्कम बहुधा सफर संपली की बुडते, ती आधी वापरा. आणि व्हाउचर घेताना ज्या कागदावर सही मागतात तो वाचा. "यापुढे कोणताही दावा राहणार नाही" असं वाक्य त्यात असेल तर घाईने सही करू नका.

आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने (CLIA) २०१३ च्या मे महिन्यात प्रवाशांच्या हक्कांची एक सनद स्वीकारली. त्याच फेब्रुवारीत मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ' या जहाजाच्या इंजिनरूमला आग लागून ते दिवसेंदिवस वीज-पाण्याविना तरंगत राहिलं होतं, त्यानंतर हे झालं. सनदेनुसार यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण परतावा, अर्ध्यावर संपली तर अंशतः परतावा, शिवाय ठरलेल्या बंदरापर्यंत किंवा घराच्या शहरापर्यंत पोचवणं आणि गरज पडली तर मुक्कामाची सोय. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. ही सनद सदस्य कंपन्यांपुरती आहे, म्हणून तुमची कंपनी सदस्य आहे का ते पाहा. आणि एखादं बंदर गळणं म्हणजे सफर रद्द होणं नव्हे. बंदर गळल्यावर तिच्यानुसार मिळतो तो फक्त वेळेवर माहिती मिळण्याचा हक्क.

प्रवास विमा काढला असेल तर विलंबाचं कलम वाचा: किती तासांनंतर पैसे, आणि वाहनातला बिघाड त्यात धरलाय का. गळलेल्या बंदराची भरपाई साध्या पॉलिसीत सहसा नसते.

जहाजावरचे बदललेले दिवस

सावकाश चालणारं जहाज जास्त डुलतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. जहाजाचं डुलणं आवरणारे पाण्याखालचे पंख वेगावर काम करतात. वेग उतरला की त्यांचा जोरही उतरतो. म्हणजे बोट लागण्याची शक्यता वाढते. खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याकडे बसा, क्षितिजाकडे बघा, पोट रिकामं ठेवू नका, आल्याचा तुकडा चघळा. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी, आणि कोणती ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेलं असावं. रोजची औषधं दोन-तीन दिवसांची जास्तीची जवळ असू द्या, ती खोलीत, सामानाच्या मोठ्या बॅगेत नाही.

विजेची तंगी असली तर एसी कमी होतो, काही लिफ्ट बंद ठेवतात, लाँड्री थांबते. क्षणभर सगळे दिवेही जाऊ शकतात. घाबरू नका. नियमानुसार आणीबाणीचं जनित्र ४५ सेकंदांत आपोआप सुरू व्हायला हवं, जिने आणि बाहेर पडण्याच्या वाटा त्यावर उजळतात. खरा धोका ओळखायची खूण एकच: सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो ऐकू आला की पहिल्या दिवशीच्या कवायतीत दाखवलेल्या जागी जायचं. ती कवायत पुष्कळ जण मोबाईल बघत उरकतात. २०१९ च्या मार्चमध्ये नॉर्वेजवळ 'व्हायकिंग स्काय' या जहाजाची इंजिनं वादळात बंद पडली, वंगणतेलाची पातळी कमी असल्याने, आणि ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. असे प्रसंग दुर्मीळ आहेत, पण कवायत त्यांच्यासाठीच असते.

बाकी वेळ तुमचाच. वेग कमी असला की एरवी रात्री निघून जाणारा किनारा कधीकधी दिवसा पुढे येतो. हवा स्वच्छ असेल आणि जहाज फार बाहेरून नसेल, तर संध्याकाळनंतर पूर्वेकडच्या कठड्याला जा आणि दीपगृहं मोजा: जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला रॉक्स. प्रत्येकाच्या लुकलुकण्याची लय निराळी असते.

परतल्यावर

आधी कंपनीला आणि एजंटला, दोघांनाही मेल. एजंटमार्फत बुकिंग केलं असेल तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून एकाच मेलमध्ये दोघांना धरा. तिकीट, पावती, जाहिरातीतल्या मार्गाचा स्क्रीनशॉट, खोलीत आलेलं पत्र, टीव्हीचे फोटो आणि जादा खर्चाची बिलं जोडा. मागणी आकड्यात लिहा. "मनस्तापाची भरपाई द्या" यापेक्षा "रद्द झालेलं रेल्वे तिकीट, मुंबईतला एका रात्रीचा मुक्काम आणि मुंबई-कुडाळ प्रवास" असं लिहिलेलं पटकन पुढे सरकतं.

महिनाभरात हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी. रत्नागिरीकराने रत्नागिरीत, सिंधुदुर्गकराने सिंधुदुर्गात. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. पण निव्वळ गोवा दिसलं नाही म्हणून आयोगात जाऊ नये असं माझं मत. वेळ जातो आणि अटींचा कागद तुमच्या विरोधात असतो. बिघाड आधी माहीत असून लपवला, एकेरी प्रवाशाला वाऱ्यावर सोडलं किंवा ठरलेला परतावा अडकवून ठेवला, अशा वेळी जरूर जा.

आणि पुढच्या सफरीचं व्हाउचर घेतलंच असेल तर त्याची मुदत तपासा. पावसाळ्यात मुंबईहून क्रूझच्या फेऱ्या बहुतेक बंद असतात, जहाजं पूर्व किनाऱ्याला हलवतात. फेब्रुवारीत मिळालेलं सहा महिन्यांचं व्हाउचर ऑगस्टमध्ये संपतं, म्हणजे हातात खरे तीन-साडेतीन महिने. मुदत डिसेंबरपर्यंत वाढवून मागा, आणि तीही मेलवरच.